व्हर्जिल, ब्लेक आणि केंटमधली एक दरी

मंगळवार, लंडन

ब्रिटिश म्युझियममध्ये शिरणारी गर्दी इजिप्तच्या दालनांकडे वळते, ते एका परीनं बरंच आहे. मागच्या अंगाला वर चढून गेलं की छापचित्रांची अभ्यासिका लागते आणि तिथे आवाज म्हणाल तर पेन्सिलींचा. आधी ईमेल करून वेळ घ्यायची, काय पाहायचंय ते कळवायचं, गेल्यावर हात धुवायचे आणि शाईचं पेन बॅगेत टाकायचं. पैसे पडत नाहीत. कलाशाळेत असताना लिनोवर आणि लाकडावर थोडंफार कोरलं होतं, तेव्हापासून इथे यायचं मनात होतं. मी मागवलं होतं ते इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकचं एकच काम: रोमन कवी व्हर्जिलच्या गोपकाव्यांच्या, म्हणजे मेंढपाळांवरच्या काव्यांच्या, पुस्तकासाठी त्यानं लाकडावर कोरलेली चित्रं.

ही चित्रं झाली कशी, तो किस्सा मजेदार आहे. रॉबर्ट जॉन थॉर्नटन हा लंडनचा डॉक्टर, त्यात वनस्पतिशास्त्राचं वेड. ‘टेंपल ऑफ फ्लोरा’ नावाचा भव्य पुष्पग्रंथ काढण्यापायी त्यानं स्वतःचं दिवाळं काढत आणलं. संसदेची परवानगी घेऊन लॉटरीसुद्धा लावून पाहिली, तरी हात पोळायचे ते पोळलेच. याच थॉर्नटनचं शाळकरी पोरांना लॅटिन शिकवायला व्हर्जिलच्या गोपकाव्यांचं एक पुस्तक होतं. त्याची तिसरी आवृत्ती १८२१ साली निघाली, दोन खंडांत, दोनशेवर चित्रांसह. जॉन लिनेल हा तरुण चित्रकार त्याच्या ओळखीतला. त्यानं ब्लेकचं नाव सुचवलं. ब्लेक तेव्हा ६३ वर्षांचा, हयात तांब्याच्या पत्र्यावर कोरण्यात गेलेली. लाकडाला त्यानं तोवर हात लावला नव्हता आणि पुढेही कधी लावला नाही.

त्याच्या वाट्याला खुद्द व्हर्जिल आलाच नाही. आलं ते अँब्रोझ फिलिप्स या अठराव्या शतकातल्या कवीनं व्हर्जिलच्या पहिल्या गोपकाव्याच्या धर्तीवर लिहिलेलं इंग्रजी काव्य. थेनॉट नावाचा म्हातारा मेंढपाळ आणि कॉलिनेट नावाचा तरुण, कपाळकरंटा मेंढपाळ, यांचा संवाद. काव्य म्हणून सामान्यच. ब्लेकनं त्यासाठी २० चित्रं काढली आणि १७ स्वतः कोरली. पहिलं जरा मोठं, बाकीची सगळी बसच्या जुन्या तिकिटाएवढी: साडेतीन सेंटिमीटर उंच, साडेसात रुंद.

इथे जरा तंत्राविषयी. लाकडी ठसा म्हटलं की आपल्यासमोर फळी येते. हे काम फळीवर होत नाही. बॉक्सवूड नावाचं अतिशय टणक, पिवळसर लाकूड घ्यायचं, खोडाचा आडवा काप काढायचा आणि ज्या बाजूला वाढीची वर्तुळं दिसतात त्या बाजूवर ब्युरिननं, म्हणजे धातूवर कोरायच्या बारीक हत्यारानं, कोरायचं. तिथे रेषा कुठल्याही दिशेला वळवता येते, लाकडाच्या तंतूंची आडकाठी नाही, चिरफाळ्या उडत नाहीत. हा ठोकळा छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या उंचीचा केला की मजकुराबरोबर एकाच दाबात छापता येतो. न्यूकॅसलच्या थॉमस ब्युइकनं अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र नावारूपाला आणलं आणि इंग्लंडातली पुस्तकं चित्रांनी भरून गेली.

तांब्यावर शाई खाचेत बसते, म्हणजे कोरलेली रेषा काळी छापली जाते. लाकडावर उलट. शाई पृष्ठभागावर, कोरलेलं ते पांढरं. न कोरलेला ठोकळा छापला तर नुसता काळा आयत उमटेल. धंदेवाईक कोरक्यांनी यावर तोडगा काढला होता: काळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढायचं आणि तांब्यावरच्या चित्राची हुबेहूब नक्कल करायची. ब्लेक त्या वाटेला गेलाच नाही. काळोख गृहीत धरून त्यानं त्यातून उजेड खरवडून काढला.

‘करपलेलं पीक’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र भिंगाखाली घेतलं आणि बराच वेळ दुसऱ्याकडे वळताच आलं नाही. वाऱ्यानं कललेलं झाड, खाली आडवं झालेलं पीक, वर चंद्र. एवढंच. पण पिकाच्या प्रत्येक फराट्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. हत्यार कुठे टेकलं, कुठे जोर लागला आणि कुठे मनगट उचललं, ते दिसतं. आकाश काळं ठेवलेलं नाही, ते आडव्या ओरखड्यांनी फाडलंय. सफाईदार म्हणावं असं त्यात काही नाही. कोरक्यांनी हसून टाकलं ते याचमुळे. प्रकाशक म्हणाले, या माणसाकडून आणखी काम नको, आणि तीन चित्रं दुसऱ्याकडून कोरून घेतली. पुढे एका मेजवानीत थॉमस लॉरेन्ससारख्या बड्या चित्रकारांनी थॉर्नटनपाशी तोंड भरून कौतुक केलं म्हणून उरलेली वाचली. तरी थॉर्नटनची धास्ती गेली नाही. त्यानं चित्रांखाली तळटीप छापली: यांत कसबापेक्षा प्रतिभा अधिक आहे आणि काही नामांकित चित्रकारांना ती फार आवडतात. आपल्याच पुस्तकातल्या चित्रांची आपणच माफी मागायची म्हणजे कमाल झाली.

आणखी एक घाव: ठोकळे पानात बसेनात म्हणून कडा कापल्या. कापण्याआधीच्या काही चाचणी प्रती शिल्लक आहेत. शेजारी ठेवून पाहिलं की कुठे झाडाचा शेंडा उडालाय, कुठे डोंगराची उतरण. ठोकळे लिनेलकडे राहिले, त्याच्या वारसांकडून १९३९ साली म्युझियममध्ये आले. सतराच्या सतरा. त्यांतला एक समोर आला. शाईनं काळाकुळकुळीत झालेला, आणि प्रकाश तिरपा पडेपर्यंत वर काही कोरलंय हेही कळत नाही.

रात्री हॅरोला ताईकडे, म्हणजे आतेबहिणीकडे. जेवताना तिला व्हर्जिलच्या मूळ काव्याची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये फिलिपायची लढाई झाली, जिंकलेल्या सैनिकांना द्यायला जमिनी हव्या होत्या, म्हणून इटलीत शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. मँटुआ हा व्हर्जिलचाच मुलूख, तोही त्यात सापडला. पहिल्या गोपकाव्यात दोघंच जण: टिटिरसची जमीन वाचलीय, तो बीचच्या झाडाखाली पावा वाजवत पडलाय, मेलिबियसची गेलीय, तो शेळ्या हाकत मुलूख सोडून निघालाय.

ताईच्या सासरची जमीन कोयनेत गेलेली. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “म्हणजे धरणग्रस्तच की रे तो. आणि दुसरा पावा वाजवतोय त्याच्यासमोर?”

वाजवतोय. शेवटी एका रात्रीपुरता मुक्काम देतो: पिकलेली सफरचंदं, मऊ चेस्टनट, भरपूर चीज. लांब घरांच्या धाब्यांवर धूर दिसायला लागलाय, डोंगरांच्या सावल्या लांबल्यात. काव्य तिथेच संपतं. सकाळी मेलिबियस कुठे गेला, ते व्हर्जिल सांगत नाही.

बुधवार, लंडन

पायपिटीचा दिवस. साउथ मोल्टन स्ट्रीटवर १७ नंबरचं घर अजून उभं आहे, वर पाटी आहे, खाली दुकानं, समोर खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं. ब्लेक इथे १८०३पासून राहत होता आणि १८२१ साली, म्हणजे पुस्तक निघालं त्याच वर्षी, इथून हलला. ठोकळे बहुधा इथेच कोरले असावेत.

पुढचं बिऱ्हाड स्ट्रँडलगतच्या फाउंटन कोर्टमधलं, दोन खोल्यांचं. ती इमारत गेली, आता तिथे थांबून बघण्यासारखं काही नाही. पण या गोष्टीतलं महत्त्वाचं पान तिथलंच. १८२४च्या ऑक्टोबरात लिनेल एका पोराला घेऊन तिथे गेला. सॅम्युअल पामर, वय १९. ब्लेकचा पाय पोळलेला, तो अंथरुणात पडून दान्तेच्या काव्यावरची चित्रं काढत होता. पामर पुढे जन्मभर या भेटीचं सांगत राहिला. ब्लेकच्या दारावरच्या घंटीच्या दांडीचं चुंबन घेऊन मगच तो आत जायचा, असं सांगतात. त्याचे मित्रही यायला लागले: एडवर्ड कॅल्व्हर्ट, जॉर्ज रिचमंड, आणखी काही. त्यांनी स्वतःला ‘प्राचीन’ म्हणवून घेतलं, वयं बहुतेकांची विशीतली! व्हर्जिलचे ठसे त्यांच्यासाठी पोथीसारखे झाले. स्वर्गातल्या लहानशा दऱ्या, आडोसे, कोपरे असं पामरनं त्यांचं वर्णन करून ठेवलंय.

दुपारी बनहिल फील्ड्स. डॅनियल डिफो आणि जॉन बन्यनही याच कब्रस्तानात आहेत. ब्लेक १२ ऑगस्ट १८२७ला गेला. नेमकी जागा नंतर हरवली. जुन्या दगडावर ‘जवळपास कुठेतरी’ अशा अर्थाचं लिहिलंय. दोघा हौशी अभ्यासकांनी जुन्या नोंदींवरून जागा शोधली आणि २०१८ साली तिथे नवा दगड बसला. डब्यातली पोळीभाजी मी तिथल्याच बाकावर खाल्ली. ऑफिसातली मंडळीही तेच करत होती.

गुरुवार, ऑक्सफर्ड

ॲश्मोलियन म्युझियमच्या प्रिंट रूममध्ये पामरची १८२५ची सहा चित्रं आहेत. ती ठसे नव्हेत. सेपिया आणि तपकिरी शाईत डिंक कालवून केलेली. डिंक काळाबरोबर मुरत गेलाय आणि पृष्ठभागावर जुन्या लाकडी फर्निचरची चकाकी आलीय.

‘ए रस्टिक सीन’मध्ये पहाटेची चंद्रकोर, शेतकरी आणि त्याचा बैल. चित्राच्या पुठ्ठ्यावर व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्यातल्या ओळी. ‘पिकांनी गच्च भरलेली दरी’ या चित्रात एक माणूस पुस्तक घेऊन आडवा झालाय, चहूबाजूंनी पीक इतकं दाट की त्याला वाट कुठून मिळाली असेल, हा प्रश्न मला पडला. मागे भला मोठा पूर्ण चंद्र. ‘अर्ली मॉर्निंग’मध्ये अळंबीसारखं झाड, वाटेवर ससा. विसाव्या वर्षी हे काढणं म्हणजे खायचं काम नाही, आणि ब्लेकचे ठसे डोळ्यांत असताना पाहिलं तर उसनवारी कुठली ते लगेच कळतं: आकार तेच, गोल टेकड्या त्याच, चंद्र तोच.

पण फरक तिथेच जाणवायला लागला, आणि परतीच्या गाडीत तोच डोक्यात घोळत राहिला. ब्लेकच्या सतरा ठशांत पीक झोपतं, पोरं कॉलिनेटची टर उडवतात, वाटसरू काठी घेऊन ‘लंडन ६२ मैल’ अशा दगडावरून जातो. चिचेस्टरच्या वाटेवरचा असा दगड ब्लेकनं दक्षिण किनाऱ्यावरच्या फेल्फम गावी राहत असताना पाहिला असावा, असं जाणकार म्हणतात. फेल्फममध्ये एका सैनिकाशी बाचाबाची झाली आणि ब्लेकवर राजद्रोहाचा खटला भरला गेला होता. निर्दोष सुटला. तिथलं घर सोडून तो लंडनला परतला तेही त्याच सुमाराला. मैलाचा दगड त्यानं उगाच काढला नसणार. त्याच्या ठशांत टिटिरस आहे आणि मेलिबियसही आहे. शेवटी गुरं घरी येतात, पण ज्याचं घर गेलंय तो आपल्याला आधी भेटून गेलेला असतो. पामरच्या सहा चित्रांत मेलिबियस कुठेच नाही. सगळ्यांचं घर शाबूत, सगळ्यांचं पीक भरघोस.

शुक्रवार

पाऊस. टेट ब्रिटनला जायचं ठरवलं होतं, घरीच राहिलो. ताईच्या संगणकावर कॅल्व्हर्टचे ठसे मोठे करून पाहिले. हा आधी आरमारात होता. १८२७ ते १८३१ एवढ्याच काळात त्यानं थोडेसे ठसे केले आणि थांबला. शेवटचा ‘चेंबर इडिल’: झोपायच्या खोलीत मेंढपाळ आणि त्याची बायको. कारागिरीत कॅल्व्हर्ट ब्लेकच्या कितीतरी पुढे, प्रत्येक रेघ केसासारखी. ब्लेकला हसणाऱ्या कोरक्यांनी याला सलाम ठोकला असता. मला मात्र ओरखडेच बरे वाटले. उतारवयात कॅल्व्हर्टनं परसात पॅनची, म्हणजे ग्रीकांच्या मेंढपाळांच्या देवाची, वेदी बांधली होती म्हणे.

शनिवार, शोअरहॅम

गाडी ब्लॅकफ्रायर्सहून. तिकीट काढताना ‘शोअरहॅम, केंट’ असं स्पष्ट सांगा. ससेक्समध्ये समुद्राकाठी आणखी एक शोअरहॅम आहे. ताई बरोबर आली, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन.

स्टेशनातून उतरून पाय गावाकडे वळले की डॅरेंट नदी लागते. नदी म्हणायची इतकंच, आपल्याकडे ओढा म्हणतील. तळाचे गारगोटे दिसतात. काठावरच ‘वॉटर हाउस’, जिथे पामर आणि त्याचे वडील राहायचे. खासगी घर आहे, बाहेरूनच पाहायचं. पामर १८२६च्या सुमाराला इकडे आला आणि १८३५पर्यंत बव्हंशी इथेच होता. आजोबांकडून थोडा पैसा आला होता, दूध-भाकरीवर भागायचं. ही मंडळी रात्री-अपरात्री घडीच्या खुर्च्या घेऊन शेताशेतांतून हिंडायची, वादळात गाणी म्हणायची. गावकरी त्यांना ज्योतिषी समजायचे.

ब्लेकही म्हातारपणी एकदा इथे येऊन गेला. त्या रात्री सगळे जण भूत पाहायला एका पडक्या वाड्यात गेले. खरोखरच टकटक आवाज यायला लागला. कंदील नेऊन पाहतात तो खिडकीवर चढणारी गोगलगाय!

गाव सुबक आहे, जरा जास्तच. गाड्या महागड्या, कुंपणं कापलेली. आम्ही टेकडीच्या उतरणीवर बसलो आणि मी फोनवरची पामरची चित्रं ताईला दाखवली. टेकड्या ओळखू येतात. मात्र त्यानं त्या फुगवल्यात, प्रत्यक्षात दरी उथळ आणि रुंद आहे.

मग राहवेना म्हणून गुरुवारचं सगळं तिच्यापुढे मांडलं. पामर इथे चंद्र रंगवत होता तेव्हा याच केंटमध्ये शेतमजुरांची दशा काय होती? हिवाळ्यात हाताला मळणीचं तेवढं काम, तेही यंत्रांनी पळवलेलं. १८३०च्या ऑगस्टमध्ये केंटमधूनच मजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली, गवताच्या गंजी पेटल्या, लोण दक्षिण इंग्लंडभर पसरलं. काहींना फाशी झाली, शेकडोंना ऑस्ट्रेलियाला धाडलं. त्यावर पामरनं काय केलं? १८३२ साली पश्चिम केंटच्या मतदारांना उद्देशून पत्रक काढलं, सुधारणावाद्यांच्या विरोधात! त्याला मजूर हवे होते, पण समाधानी.

“अगं, गुरूच्या ठशांतला उजेड तेवढा उचलला यानं,” मी म्हणालो. “काळं सोडून दिलं.”

ताईनं पुरी पुढे केली. “वीस वर्षांचं पोर ते. आई लहानपणीच गेली म्हणालास ना त्याची? त्यानं चंद्रच बघावा. तू उगाच त्याच्याकडून मोर्चा काढून घेतोयस.”

यावर आमचं पुढचा तासभर जमलं नाही.

नदीकाठानं उत्तरेला चालत गेलं की ललिंगस्टोन. वाटेत पार्कातले जुने ओक दिसतात. लिनेलच्या सांगण्यावरून पामरनं १८२८ साली ते अगदी निगुतीनं रेखाटले होते, गाठी, साली, खोबणी सगळं. नुसतं स्वप्नातलं रंगवणाऱ्याचा हा हात नव्हे, हे मात्र मी ताईपुढे कबूल केलं.

ललिंगस्टोनला रोमन वाड्याचे अवशेष आहेत, आता मोठ्या छपराखाली. व्हर्जिलच्या मागावर निघालेल्या माणसानं इथे यायलाच हवं. जेवणघराच्या जमिनीवर चौथ्या शतकातलं मोझेक: बैलाचं रूप घेतलेला ज्युपिटर देव युरोपा या राजकन्येला पाठीवर घेऊन समुद्रातून निघालाय. वर लॅटिनमध्ये दोन ओळी. ज्युपिटरच्या मत्सरी बायकोनं, जूनोनं, या बैलाचं पोहणं पाहिलं असतं, तर तिनं इओलसच्या घरी जायला जास्त सबळ कारण होतं, असा त्यांचा आशय. व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात जूनो वाऱ्यांचा राजा इओलस याच्याकडे वादळ मागायला जाते, त्यावरची ही कोटी. म्हणजे डॅरेंटकाठच्या या घरमालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना व्हर्जिल इतका पाठ होता की जेवता जेवता पायाखालचा विनोद कळावा. खांबांसाठी खड्डे खणताना या मोझेकचा तुकडा अठराव्या शतकातच लागला होता, पण रीतसर उत्खनन १९४९ साली सुरू झालं. पामर जवळच राहत होता, हाताशी व्हर्जिल होता, आणि अंगणातच व्हर्जिलचा वाचक पुरलेला होता.

त्याचं व्हर्जिलवेड शेवटपर्यंत सुटलं नाही. म्हातारपणी रेडहिलला राहत असताना त्यानं गोपकाव्यांचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्यासाठी एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरायची चित्रं, करायला घेतली. ‘ओपनिंग द फोल्ड’ १८८० साली पुरं झालं, १८८१ साली तो गेला, उरलेल्या पत्र्यांवर मुलानं हात फिरवून १८८३ साली पुस्तक काढलं. याच मुलानं १९०९ साली वडिलांच्या वह्या आणि रेखाटनांचा मोठा साठा जाळून टाकला, भलत्याच्या हाती पडायला नको म्हणून. शोअरहॅमच्या दिवसांतलं किती काय त्यात गेलं, कोण जाणे.

आइन्सफर्ड स्टेशनवर गाडीला वेळ होता. ताईला मी ब्लेकचं ‘करपलेलं पीक’ पुन्हा दाखवलं. तिनं फोन जवळ घेतला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला.

“हे आपल्याकडचं वाटतं,” ती म्हणाली. “भात आडवं झालं की अस्संच दिसतं. पण घरात लावायचं तर मी पामर लावीन.”

मी म्हटलं, ब्लेकच लाव, छोटासा आहे, फ्रीजवरसुद्धा मावेल. ती म्हणाली, फ्रीजवर आधीच वाणसामानाची यादी आहे.